शेजारचा वर्ग



द्विशिक्षकी शाळेत दोन शिक्षक असतात, एवढ्यावरून तेथे सहकार्य असते असे समजण्याचे कारण नाही. पोषण आहाराची नोंद, प्रभातफेरी, पालकसभा ही कामे वाटून घेतली जातात आणि ती सुरळीत पारही पडतात. परंतु शिकविणे हे जे मुख्य कार्य, त्याविषयी मात्र परस्परांत चकार शब्द निघत नाही.

याची झळ मुलांना लागते. 42 मधून 17 वजा करावयाचे आहेत. 2 मधून 7 जात नाहीत. दुसरीचे गुरुजी वरच्या 4 दशकांतील एक सुटा करावयास शिकवितात. वर 3 उरतात व त्यांतून 1 जातो. तिसरीच्या बाई वरचे 4 तसेच ठेवून खालच्या 1 मध्ये हातचा मिळवावयास सांगतात. 4 मधून 2 जातात. दोन्ही रीती निर्दोष आहेत व दोहोंनी उत्तर 25 येते. पण मूल दोघांचेही आज्ञाधारक असते. ते वरचा एक कमी करते, खालचा एक वाढविते आणि 15 लिहून मोकळे होते. वहीवर तांबडी फुली पडते. ही फुली खरे पाहता कोणाच्या नावावर पडावयास हवी? मधल्या सुट्टीत दहा मिनिटांचे बोलणे झाले असते, तर ती टळली असती.

जपानमधील प्राथमिक शिक्षकांत पाठ-अभ्यासाची जुनी परंपरा आहे. काही शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, एक जण तो घेतो आणि इतर वर्गात बसून मुले कशी विचार करतात ते टिपतात. नंतरची चर्चा पाठाविषयी असते, व्यक्तीविषयी नव्हे. आपल्याकडे वर्गात दुसरे कोणी येऊन बसले की तपासणी आली असेच वाटते. हा दोष एकट्या शिक्षकांचा नाही. मागच्या बाकावर बसून केवळ उणिवा टिपणाऱ्या अधिकाऱ्यांनीच ही भीती रुजविली आहे.

दोघांनी चार वर्ग सांभाळावयाचे, तर एकाने दुसऱ्याच्या वर्गात बसावयाचे केव्हा? अडचण खरी आहे. तथापि आठवड्यातून अर्धा तास सर्व मुले एकत्र बसविता येतात. एकाने गोष्ट सांगावी वा मोजणीचा खेळ घ्यावा. दुसऱ्याने मुलांत बसून, कोणते मूल कोठे अडले एवढेच लिहावे. पुढील आठवड्यात भूमिका बदलाव्यात. जेथे मुख्याध्यापक हे या दोघांपैकीच एक असतात, तेथे पहिला पाठ त्यांनी घेणे इष्ट. ज्येष्ठाने आधी आपला वर्ग मोकळा केल्यावाचून कनिष्ठाचा संकोच जात नाही.

एकशिक्षकी शाळेतील शिक्षकांना हे साधणार नाही. त्यांच्यासाठी केंद्राची शिक्षण परिषद आहे. तेथे परिपत्रकांच्या वाचनात पुष्कळ वेळ जातो. त्यातील एक तास राखून, एकाच प्रकारची चूक असलेल्या चार-पाच वह्या मध्ये ठेवाव्यात. वहीवरील मुलाचे नाव झाकलेले असावे, आणि शाळेचेही.