वस्तीचे पाणी आणि आपले डोळे

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



तथागत बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना त्रिवार वंदन करून दोन शब्द बोलतो. मी गिरणी कामगार, डॉक्टर नाही. जे वाचले आणि घरात पाहिले, तेवढेच सांगणार आहे.

माझी आई एका डोळ्याने अधू होती. तिच्या पापण्या आत वळल्या होत्या, केस बुबुळाला टोचायचे. दारात उन्हाला बसून ती चिमट्याने ते उपटायची. बाया म्हणायच्या, मागच्या जन्मीचे भोग. तिलाही ते खरे वाटायचे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मागच्या जन्मीच्या कर्माची ही कल्पना नाकारली आहे. ते तिला वाचून दाखवायला मी फार उशीर केला.

तो रोग खुपऱ्यांचा, जंतूंचा. एकाच्या डोळ्याची घाण बोटाने, फडक्याने, माशीने दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. लहानपणी पुन्हा पुन्हा होतो, पापणीला आतून वण पडतात आणि पुढे पापणी आत वळते. आम्ही पाच भावंडं, डोळे पुसायला आईचा पदर एकच. पाणी दोन गल्ल्या पलीकडून डोक्यावर आणायचे. दोन हंड्यांत स्वयंपाक, पिणे, भांडी. पोरांची तोंडं धुवायला काय उरणार? पोरं सांभाळते बाई, म्हणून या रोगाने बायाच जास्त आंधळ्या झाल्या. भोग कसले? नळ नव्हता, एवढंच.

खुपऱ्या ही भारतात आता सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिली नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली जाहीर केले. आनंद आहे. पण २०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली, तेव्हा काय झाले ते आठवा. एका घरात एक टॉवेल, आणि सगळ्यांचे डोळे लाल! पैठणचे धरण पन्नासेक किलोमीटरवर, तरी या शहराने आठ-आठ दिवसांनी नळ आलेला पाहिलाय. ड्रमात साठवलेले पाणी तोंडावर मारायला बाई दहादा विचार करते. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. नळाचे पाणी मागणे हे त्याच लढ्यातले काम आहे.

तोपर्यंत विहाराच्या टाकीला पोरांच्या उंचीच्या दोन तोट्या बसवा. माझे पाचशे रुपये लिहून घ्या. घरात प्रत्येकाचे फडके वेगळे ठेवा. आणि कोणाची आजी पापणीचे केस उपटत असेल, तर तिला घाटीत दाखवा. पापणी सरळ करायची लहानशी शस्त्रक्रिया असते. माझ्या आईला हे कोणी सांगितले नव्हते.

जय भीम! नमो बुद्धाय!