श्रमाचे मोल



कामगार चळवळीतला माणूस बास्केटबॉलवर काय बोलणार, असे आपणांस वाटेल. मी बोलणार आहे ते श्रमाच्या मोलाविषयी.

अमेरिकेत १९७२ साली कायदा झाला : सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने स्त्री म्हणून कोणाला डावलू नये. पण कायदा झाला म्हणजे पगार वाढला असे होत नाही. हे कोणत्याही कामगाराला विचारा. १९७४ साली टेनेसी विद्यापीठात महिला संघाला शिकवायला पॅट समिट आल्या, तेव्हा त्या अवघ्या २२ वर्षांच्या होत्या. वेतन महिना २५० डॉलर. संघाची गाडी त्याच चालवीत, खेळाडूंचे कपडेही त्याच धूत.

पुढच्या ३८ वर्षांत त्यांच्या संघाने १,०९८ सामने आणि ८ राष्ट्रीय अजिंक्यपदे जिंकली. २००६ साली त्यांचे वार्षिक वेतन १० लाख डॉलरांच्या वर गेले. २०११ साली स्मृतिभ्रंशाचे निदान झाले; २०१२ साली त्यांनी काम सोडले आणि २०१६ साली त्या वारल्या.

त्यांच्याकडे पूर्ण मुदत खेळलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली. मला अजिंक्यपदांहून हे मोठे वाटते. कायद्याने दिलेला हक्क बाईंनी कामाने वसूल केला, आणि मागून येणाऱ्या मुलींना रिकाम्या हाताने जाऊ दिले नाही. संघटना म्हणजे तरी दुसरे काय?