चाकांवरचे घर आणि खारा वारा

घर बांधावे ते एका जागी आणि गाडी घ्यावी ती फिरण्यासाठी, असा आपल्याकडील जुना व्यवहार. या दोन वस्तूंची सांगड घालून, निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेली मोटार घेऊन सहकुटुंब प्रवासास निघण्याची हौस अलीकडे सुशिक्षित घरांत दिसू लागली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. केरळानेही त्याच वर्षी तसे पाऊल टाकले. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या अशा गाडीस रायगडचा किनारा जवळचा. मांडवा, अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड आणि खाडी ओलांडल्यावर दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, अशी ती वाट आहे. गाडी भाड्याची असली तर प्रश्न चार दिवसांचा असतो. परंतु एखादा गृहस्थ निवृत्तीच्या वेळी हाती आलेली पुंजी अशा गाडीत घालतो आणि रात्री तिच्यात आपली नातवंडे निजवितो, तेव्हा कोणत्या कारखान्याची गाडी मजबूत व भरवशाची, हा प्रश्न चैनीचा राहत नाही. आज त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

चाकांवरचे घर ही कल्पना नवी नव्हे. इंग्लंडात डॉ. गॉर्डन स्टेबल्स या आरमारातील निवृत्त शल्यवैद्याने १८८५ साली ब्रिस्टल येथील गाड्यांच्या कारखान्याकडून केवळ भ्रमंतीसाठी ‘वाँडरर’ नावाचे घर बांधवून घेतले. दोन घोडे ते ओढीत. उत्तम लाकडाचे आणि कसबी हातांनी केलेले ते काम आजही जतन केलेले आहे. अमेरिकेत वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कारखान्याने १९३६ साली, विमानाच्या धर्तीवर अॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटांनी जोडून, मोटारीमागे ओढावयाचे ‘क्लिपर’ नावाचे घर बाजारात आणले. जर्मनीत १९५१ पासून गाडी फोक्सवॅगनची व आतील सामान वेस्टफालियाचे, अशी जोडी जमली. पुढे अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या काळात सांगाडा आणि घर दोन्ही स्वतःच बांधून सुमारे तेरा हजार गाड्या रस्त्यावर आणल्या. त्यांतील कित्येक गाड्या हौशी मालकांनी आजही चालत्या ठेवल्या आहेत.

या चार कारखान्यांची सामग्री निरनिराळी, रीतही निरनिराळी. तरी त्यांच्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. असली घरे बहुधा पत्रा झिजून मरत नाहीत. सांध्यातून पाणी शिरून मरतात. अॅल्युमिनियमची जुनी एअरस्ट्रीम दुरुस्त करणारा कारागीर वरच्या चकचकीत पत्र्याकडे पाहण्यापूर्वी जमिनीच्या लाकडी फळीची कड कुजली आहे काय, हे पाहतो. तात्पर्य, कारखान्याचे नाव विचारण्यापूर्वी त्या कारखान्याचा सांधा पाहावा, हे या विषयातील पहिले सूत्र होय.

आपल्या देशात हे सूत्र अधिकच महत्त्वाचे ठरते. येथे अशा गाडीस बहुधा दोन जन्मदाते असतात. चाके, इंजिन व त्यांना धरणारा पोलादी सांगाडा, म्हणजे चॅसिस, एका मोठ्या कारखान्याची; आणि वरचे घर दुसऱ्या बॉडी बांधणाराचे. पुण्याच्या फोर्स मोटर्सची, म्हणजे पूर्वीच्या बजाज टेम्पोची, ‘ट्रॅव्हलर’ ही गाडी १९८७ पासून भारतीय रस्त्यांवर आहे. तिचा मूळ नमुना जर्मनीच्या मर्सिडीजचा. टाटांच्या चॅसिसवरही अशी घरे बांधली जातात. बॉडी बांधणारांत पंजाबातील जेसीबीएल, तसेच पिनॅकल यांसारखे मोठे कारखाने आहेत आणि केवळ मागणीबरहुकूम एकेक गाडी करून देणारे लहान कारागीरही आहेत. इंजिनाची बाजू त्यामानाने निर्धोक असते. कारण हजारो मैल धावलेल्या प्रवासी गाड्यांत त्याची परीक्षा होऊन चुकलेली असते आणि पेण किंवा अलिबागच्या गॅरेजातील मिस्त्रीस त्याची ओळख असते. विदेशी, दुर्मिळ इंजिनाची शोभा पनवेल ओलांडेपर्यंतच. एखादा भाग मोडला की तो मागविण्यात महिना जातो.

खरी अडचण उद्भवते ती दोन कामांच्या संधिस्थानी. मोठा कारखाना आपल्या पोलादास जस्ताचा किंवा गंजरोधक रंगाचा लेप देतो. बॉडी बांधणारा त्याच पोलादास कपाट, पलंग व पाण्याची टाकी अडकविण्यासाठी भोके पाडतो, जोड मारतो. प्रत्येक भोकाशी तो लेप तुटतो आणि जोडाच्या आचेने जळून जातो. चांगला बांधणारा त्या जागी पुन्हा लेप चढवितो. उतावळा बांधणारा वर गालिचा अंथरतो. पहिल्या दिवशी दोन्ही गाड्या सारख्याच देखण्या दिसतात. दोन पावसाळ्यांनंतर भेद कळतो. मग चॅसिसवाला म्हणतो, दोष बॉडीचा. बॉडीवाला म्हणतो, दोष चॅसिसचा. आणि मालक दोघांच्या दारी हेलपाटे घालीत राहतो.

आता या किनाऱ्याच्या हवेचा विचार करू. येथे वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. परंतु पावसाहून खारा वारा अधिक चिवट. लोखंड गंजावयास पाणी व प्राणवायू लागतात, आणि पाण्यात मीठ मिसळले की ही क्रिया झपाट्याने होते. त्यातही मिठाचा एक विशेष धर्म आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे पंचाहत्तर टक्क्यांवर गेली की मिठाचा कण हवेतील ओलावा शोषून स्वतःच विरघळतो. समुद्रकाठी रात्री आर्द्रता सहज तेथवर पोहोचते. म्हणजे काशीदच्या वाळूवरून परतलेली गाडी डोळ्यांस कोरडी दिसली तरी तिच्या पोटाखालील मीठ रात्रभर ओलेच असते. शिवाय अॅल्युमिनियमचा पत्रा पोलादाच्या चौकटीस मध्ये काही न घालता जोडला, तर खाऱ्या ओलीत त्या दोन धातूंमध्ये विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि अॅल्युमिनियम पोखरले जाते. दोहोंमध्ये रबराची किंवा तत्सम पट्टी घालणे हा उपाय अगदी स्वस्त आहे. पण तो आतून कोणास दिसत नाही, म्हणूनच तो प्रथम वगळला जातो.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या तटातील प्रचंड चिरे चुन्यावाचून रचलेले आढळतात. लाटेचे पाणी त्यांच्या फटींत शिरते आणि ओसरून जाते. त्यामुळे लाटेचा जोर जिरतो. समुद्राकाठी बांधणाराने पाणी येणारच हे गृहीत धरावे आणि त्यास बाहेर पडण्यास वाट ठेवावी, हा त्या बांधणीचा बोध आहे. चाकांवरच्या घरासही तो लागू पडतो. पोकळ पोलादी नळ्यांच्या तळाशी पाणी निथळण्याची छिद्रे आहेत काय आणि ती मोकळी आहेत काय, छताचा उतार पाणी साचू न देणारा आहे काय, खिडकीखाली पन्हळ आहे काय, एवढे पाहिले तरी बांधणाराची बुद्धी कळते.

दुसरा विषय वजनाचा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दीडशे लिटरांची टाकी भरली की गाडीत जणू दोन धडधाकट माणसे अधिक बसली. त्यात सांडपाण्याची टाकी, बॅटऱ्या, गॅसची टाकी, छतावरील वातानुकूलन यंत्र आणि लाकडी कपाटे मिळविली, तर माणसे चढण्यापूर्वीच चॅसिसची मर्यादा संपत येते. वजन उंचावर गेले की वळणावर गाडी झुकते. मागे गेले की पुढील चाकांची पकड सुटते. भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास वाहने नेणारी बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली, आणि आगरदांड्याहून दिघीस जातानाही गाडी बोटीवरच चढवावी लागते. भरती-ओहोटीप्रमाणे उताराचा कल बदलतो. मागील चाकांच्या पलीकडे घर फार लांबविले असेल आणि खाली टाकी लोंबत असेल, तर तिचा तळ तेथे खरवडून निघतो. नागाव-चौलच्या वाड्यांमधील अरुंद रस्त्यांवर गाडीची रुंदीही मोजावी लागते.

बांधणाराचे नाव मोठे म्हणून धोका टळत नाही, याची दुःखद साक्ष याच किनाऱ्याजवळ आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट तुफानी समुद्रात काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. ती बोट इंग्लंडातील स्वॉन हंटर या नामांकित गोदीत १९३६ साली बांधलेली होती. लाटेने बोट कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूस धावले आणि तोल गेला. बोट आणि मोटार यांत अंतर पुष्कळ. परंतु भार कोठे आहे व किती आहे, या हिशेबापुढे कोणत्याही कारखान्याची कीर्ती चालत नाही, हा नियम दोहोंस समान आहे.

तिसरा आणि सर्वांत गंभीर विषय हवेचा. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन माणसे मृत आढळली. विजेसाठी चालविलेल्या जनित्राचा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, गाडीच्या तळातील एका छिद्रावाटे आत शिरला, असे तज्ज्ञांनी केलेल्या चाचणीत दिसून आले. या वायूस रंग नाही, वास नाही. निजलेल्या माणसास तो जागे करीत नाही. एक न बुजविलेले भोक एवढेच ते कारण. म्हणून तळातून वायर किंवा नळी जेथे जेथे जाते तेथील प्रत्येक छिद्र बुजविलेले असावे, जनित्राचा धूर गाडीपासून दूर सुटावा आणि निजण्याच्या जागी हा वायू ओळखून घंटा वाजविणारे उपकरण असावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळाल्यास तो जमिनीलगत साचतो. त्याच्या कपाटास तळाशी बाहेर उघडणारी झरोक्याची वाट हवी. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज नसेल तर घासलेल्या वायरीतून आग लागण्याचे भय राहते.

असे सर्व पाहावयाचे तर सामान्य गृहस्थाने कोणास विचारावे? सुदैवाने आपल्या देशात मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक ठरविलेले आहे, आणि १९६६ साली स्थापन झालेली पुण्याची एआरएआय ही संस्था वाहनांच्या अशा चाचण्या घेते. घेणाराने गाडीच्या त्याच नमुन्याचे प्रमाणपत्र मागावे. दुसऱ्या नमुन्याचे दाखविले तर ते आपले मानू नये. साध्या प्रवासी गाडीचे कोणाकडून तरी घर करून घेणाराने १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ ध्यानात ठेवावे. नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत असा फेरफार त्या कलमाने निषिद्ध आहे, आणि अपघातानंतर विम्याचा वाद उभा राहण्यास तेवढे निमित्त पुरते.

कागदांची पाहणी झाली की गाडी पाहावी. ती उंचावर चढवून पोटाखालून पाहावी. छतावर अर्धा तास पाण्याची धार सोडून आत कपाटांचे कोपरे हाताने चाचपावेत. पाणी, गॅस व सामान भरून ती वजनकाट्यावर न्यावी आणि आलेला आकडा नोंदणीपत्राशी ताडावा. बांधणाराने चार-पाच वर्षांपूर्वी बांधलेली व किनाऱ्यावर वापरलेली गाडी कोठे आहे ते विचारून, तिच्या मालकाशी दोन शब्द बोलावेत. नव्या गाडीच्या प्रदर्शनाहून त्या जुन्या गाडीचा साक्षीपुरावा मोलाचा. चॅसिस व बॉडी यांच्या सांध्याची जबाबदारी कोणाची, हे एकाच सहीने लेखी घ्यावे. जो कारखाना हे सर्व हसतमुखाने करू देतो त्याची गाडी थोडी महाग असली तरी ती स्वस्त समजावी. आणि जो गालिचा उचलू देत नाही त्याचे नाव कितीही मोठे असले तरी तेथून नमस्कार करून निघावे.

गाडी घरी आल्यावरही कर्तव्य संपत नाही. समुद्रावरून परतताच गोड्या पाण्याने तिचे पोट व चाकांच्या कमानी धुवाव्यात, पावसाळ्यापूर्वी छताचे सांधे तपासून भरावेत आणि नवे भोक पडले की त्याच दिवशी त्यास लेप द्यावा. कोळी बांधव पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांची निगा राखतात. त्यांस कोणी कारखान्याचे माहितीपत्रक दिलेले नसते. समुद्राने शिकविलेले असते. चांगला बांधणारा आणि जागरूक मालक, या दोघांचे हात जेथे मिळतात तेथेच असले घर टिकते.