अपवादांची वंशावळ



इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला क्रियापदांच्या रूपांची कोष्टके पाठ करावी लागतात. कोष्टकात नसलेले रूप उच्चारले की ते अशुद्ध ठरते. वस्तुतः अशा अनेक रूपांमागे मोठा इतिहास असतो.

‘हेल्प’ या क्रियापदाचे भूतकाळी रूप आज ‘हेल्प्ड’ असे होते. पूर्वी ते ‘होल्प’ असे होत असे. इंग्लंडात १६११ साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या भाषांतरात ‘होल्पन’ हे धातुसाधित आढळते. ‘क्लाइम’चे ‘क्लोम’ हे जुने रूप कोलरिज या कवीने १७९८ साली प्रसिद्ध झालेल्या वृद्ध खलाशाच्या काव्यात योजले आहे.

धातूतील स्वर पालटून भूतकाळ दर्शविणे ही जर्मानिक भाषांची प्राचीन रीत होय. प्रत्यय लावण्याची रीत त्यामानाने अलीकडची; परंतु नवी क्रियापदे तिनेच चालू लागली आणि अनेक जुनीही तिच्याकडे वळली. ‘नेचर’ या नियतकालिकात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्राचीन इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदांचा मागोवा घेतलेला आहे. त्यांपैकी ९८ अद्याप अनियमित आहेत. शंभरपट कमी वापरले जाणारे क्रियापद दहापट वेगाने नियमित होते, असा त्याचा निष्कर्ष आहे. नित्य कानी पडणारे रूप स्मरणात राहते. क्वचित ऐकलेल्या रूपाचा विसर पडला, की माणूस नियमाचा आधार घेतो. मराठीतही ‘जाणे’ आणि ‘गेला’ ही रूपे ‘या’ आणि ‘गम्’ अशा दोन भिन्न धातूंपासून आलेली असूनही नित्य वापरामुळे एकत्र नांदत आहेत.

तथापि प्रवाह क्वचित उलटही वाहतो. ‘डाइव्ह’चे ‘डाइव्ह्ड’ हे नियमित रूप रूढ असताना अमेरिकेत ‘ड्राइव्ह–ड्रोव्ह’च्या धर्तीवर ‘डोव्ह’ हे रूप प्रचारात आले. ‘गॉटन’ हे जुने रूप इंग्लंडात मागे पडले. अमेरिकेत मात्र ते चालूच राहिले. एका किनाऱ्यावरचे शुद्ध दुसऱ्या किनाऱ्यावर अशुद्ध ठरते ते असे.

प्रमाणभाषेची आवश्यकता कोणी नाकारणार नाही. परंतु वेगळे रूप उच्चारणाऱ्याला अडाणी ठरविण्यापूर्वी त्या रूपाची वंशावळ पाहणे न्यायाचे होईल. कोष्टक भाषेची आजची स्थिती दर्शविते. तिचा सारा प्रवास त्यात मावत नाही.