गांवांतील घर: घेणाऱ्यास व देणाऱ्यास दोन शब्द
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



या शुभदिवशीं मला बोलावयास सांगण्यांत आलें, तेव्हां मीं विषय कोणता म्हणून विचारलें. उत्तर मिळालें, "तुम्हांस ज्याची माहिती आहे तो." माझा जन्म वसईच्या या गांवांत झाला, आणि आयुष्याचीं पस्तीस वर्षें मुंबईस एका वकिलाच्या कचेरींत कारकुनी करण्यांत गेलीं. तेव्हां मला माहिती आहे ती दोनच गोष्टींची: जुनें घर आणि घराचे कागद. त्यांविषयींच मी बोलणार आहें.

आपला मुलूख जुना आहे, हें आपण अभिमानानें सांगतों, आणि तें योग्यच आहे. 1534 सालीं गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. 1739 सालीं चिमाजी अप्पांनीं किल्ला जिंकून घेतला. पुढें इंग्रज आले आणि तेहि गेले. राज्यें बदललीं, परंतु वाडीवाडींतील माणसें, त्यांच्या विहिरी व त्यांचे मळे जागच्या जागीं राहिले. 1597 सालीं जपानांत नागासाकी येथें ज्यांनीं श्रद्धेसाठीं प्राण दिला, ते संत गोन्सालो गार्सिया याच मातींत जन्मले.

मग 1864 सालीं आगगाडी आली, आणि 1936 सालीं विजेची गाडी विरारपर्यंत धांवूं लागली. वसई रोड ते चर्चगेट हें अंतर सुमारें 52 किलोमीटर आहे. प्रथम या गाडीनें आपलीं केळीं, विड्याचीं पानें, भाजी आणि फुलें मुंबईस गेलीं. नंतर त्याच गाडीनें आपलीं मुलें नोकरीस गेलीं. शेवटीं त्याच गाडीनें मुंबईचीं माणसें घर शोधीत आपल्याकडे आलीं. 2009 सालीं येथें महानगरपालिका स्थापन झाली, आणि ज्यांस आपण गांव म्हणत होतों त्यांतील बरेच शहराच्या हद्दींत गेले.

आज ओटीवर चार माणसें बसलीं कीं एकच बोलणें ऐकूं येतें: "बाहेरच्यांनीं आमचा गांव घेतला." सज्जनहो, मीं आयुष्यभर खरेदीखतें उतरून काढिलीं आहेत. खरेदीखतावर घेणाऱ्याची सही असते, तशी देणाऱ्याचीहि असते. आपल्यांतील कोणाच्या तरी सहीवांचून आपलें एकहि घर सरळ मार्गानें परक्याच्या हातीं गेलेलें नाहीं. ती सही होण्याची वेळ कां आली, हा खरा प्रश्न आहे. त्याचें उत्तर मी माझ्याच घरावरून देतों.

आमचें घर आजोबांनीं बांधिलेलें. मंगलोरी कौलें, पुढें ओटी, मागें पडवी, परसांत विहीर आणि विहिरीपलीकडे बावखल. आजोबा वारले, वडील वारले. परंतु दप्तरीं नांव आजोबांचेंच राहिलें. दिवसभर लोकांचे कागद नीट लावणारा मी, माझ्या स्वतःच्या घराचा कागद मीं पाहिला नाहीं. माझे धाकटे चुलते मुंबईस राहत असत. त्यांच्या घरीं आजारपण आलें. ते दोन वेळां आमच्या ओटीवर येऊन म्हणाले, "माझा वांटा तूंच घे, मला पैशाची निकड आहे." मीं दोन्ही वेळां चहा पुढें केला आणि म्हटलें, "पाहूं, काका. पावसाळा होऊं द्या." पावसाळा झाला. चुलत्यांनीं आपला वांटा एका अनोळखी गृहस्थास विकला, आणि त्या गृहस्थानें वांटणीचा दावा लाविला.

तेव्हां आम्हीं चुलत्यांस नाहीं नाहीं तें बोललों. दावा चालला. कायद्याच्या आधारें आम्हीं तो वांटा न्यायालयानें ठरविलेल्या किमतीस परत घेतला, आणि त्यासाठीं काढलेलें कर्ज मीं निवृत्त होईपर्यंत फेडीत होतों. घर राहिलें. चुलते मात्र पुन्हां त्या ओटीवर आले नाहींत. ते मुंबईसच वारले. त्यांच्या अंत्यविधीस मी गेलों, पण मला जें बोलावयाचें होतें तें ऐकण्यास ते नव्हते.

म्हणून देणाऱ्यांस व वारसांस मी पहिली गोष्ट सांगतों ती ही: कागद वेळींच नीट करा. 1925 च्या वारसा कायद्याप्रमाणें आपल्यांतील एखादा गृहस्थ मृत्युपत्र न करितां वारला, तर एक तृतीयांश त्याच्या विधवेस आणि दोन तृतीयांश मुलांस मिळतात. या वांट्यांत मुलगा आणि मुलगी असा भेद नाहीं. "बहिणींस लग्नांत दिलें, आतां त्यांचा काय हक्क?" हें वाक्य मीं किती तरी ओट्यांवर ऐकिलें. न्यायालयांत तें टिकत नाहीं, आणि देवापुढें टिकेल असेंहि मला वाटत नाहीं. बहिणीची सही शेवटच्या दिवशीं घाईनें मागण्यापेक्षां तिचा वांटा पहिल्या दिवशीं मान्य करावा.

दुसरी गोष्ट: विकावयाचेंच झालें तर आधीं घरांत विचारा, मग शेजारीं विचारा. आणि ज्यास विचारलें त्यानें माझ्यासारखें "पाहूं" म्हणूं नये. घेतां येत असेल तर घ्यावें, नसेल तर तसें स्पष्ट सांगावें. कायद्यानेंहि कुटुंबाच्या घराची कांहीं काळजी घेतली आहे. अविभक्त राहत्या घराचा वांटा परक्यानें घेतला, तर 1882 च्या कायद्यान्वयें त्याला घरांत येऊन एकत्र राहण्याचा हक्क मिळत नाहीं. त्यानें वांटणीचा दावा केला, तर 1893 च्या वांटणी कायद्यानें कुटुंबांतील भागीदारास तो वांटा विकत घेतां येतो. परंतु तें औषध फार महाग पडतें. मीं तें घेतलें आहे.

आतां घेणाऱ्यांस दोन शब्द. आपल्यांतीलहि पुष्कळजण मुंबईहून परत येऊन गांवांत घर घेऊं इच्छितात. त्यांनीं घरपट्टीच्या पावतीवर भुलूं नये. ज्याच्या नांवें पावती तो मालक असेंच नाहीं. 7/12 चा उतारा हा महसुलाचा लेख आहे. मालकीचा मूळ दस्तऐवज निराळा. गांवठाणांतील घराची मोजणी झालेली असल्यास मिळकत पत्रिका पाहावी. दुय्यम निबंधकाच्या कचेरींत मागील तीस वर्षांचा शोध घ्यावा. सर्व वारसांच्या सह्या आहेत कीं नाहींत हें मोजून पाहावें, आणि परदेशीं असलेला भाऊ किंवा लग्न होऊन गेलेली आत्या विसरूं नये. शंभर रुपये किंवा अधिक किमतीच्या घरजमिनीची विक्री नोंदविलेल्या खतावांचून पुरी होत नाहीं. साध्या कागदावरील करार हातीं घेऊन निश्चिंत झोपूं नये. जमीन शेतीची असेल तर 1948 च्या कूळ कायद्याप्रमाणें ती शेतकरी नसलेल्यास जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवांचून सहसा घेतां येत नाहीं. विकास आराखड्यांत राहण्यासाठीं ठरविलेल्या जमिनीस यांत अपवाद आहे, म्हणून ती कोणत्या सदरांत पडते तें बयाणा देण्यापूर्वीं पाहावें.

पण जें कोणत्याहि कागदावर येत नाहीं, तेंहि पाहावें. विहिरीचें पाणी कोण कोण भरतें? क्रुसाकडे जाणारी वाट कोणत्या अंगणांतून जाते? बावखल कोणाच्या हद्दींत आहे? बावखल म्हणजे केवळ डबकें नव्हे. पावसाचें गोडें पाणी त्यांत सांठतें, जमिनींत मुरतें आणि सभोंवारच्या विहिरींस पोहोंचतें. समुद्र जवळ आहे. गोडें पाणी उपसून नेलें आणि मुरणें थांबलें कीं खारें पाणी आंत येतें. एकानें आपल्या हद्दींतील बावखल बुजविलें, तरी विहीर शेजाऱ्याची खारट होते.

आमच्या आळींत कांहीं वर्षांपूर्वीं एका शिक्षकाच्या कुटुंबानें जुनें घर घेतलें. तीं माणसें आपल्या धर्माचीं नव्हत. लोक कुजबुजले. त्यांनीं कुंपण घातलें, परंतु क्रुसाकडे जाणाऱ्या वाटेवर माणूस जाईल एवढी जागा मोकळी ठेविली. बावखलांतील गाळ स्वखर्चानें काढविला. आज आमच्या विहिरीस जें पाणी आहे त्यांत त्यांचा वांटा आहे. बाहेरचा कोण आणि आंतला कोण, हें केवळ आडनांवावरून ठरवूं नये, एवढें मी त्यांच्यापासून शिकलों.

शेवटीं पवित्र शास्त्रांतील एका खरेदीची आठवण देतों. बाबेलच्या सैन्यानें यरुशलेम वेढलें होतें आणि यिर्मया संदेष्टा पहारेकऱ्यांच्या चौकांत कैदेंत होता. त्या वेळीं त्याचा चुलतभाऊ हनामेल आला आणि म्हणाला कीं, अनाथोथ गांवांतील माझें शेत तूं घे, कारण सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. अनाथोथ हा यरुशलेम शहराजवळचा लहानसा गांव, यिर्मयाचा स्वतःचा. देश बुडत असतांना शेत घेणें हा शहाण्याचा व्यवहार नव्हे. तरीहि त्यानें सतरा शेकेल रुपें तोलून दिलें, साक्षीदारांपुढें खत केलें, आणि तें खत मातीच्या भांड्यांत ठेवण्यास बारूखास सांगितलें, म्हणजे तें पुष्कळ दिवस टिकेल. या भूमींत पुन्हां घरें व शेतें घेतलीं जातील, असा देवाचा शब्द त्यास मिळाला होता.

हनामेल माझ्याहि ओटीवर दोनदां आला होता. यिर्मयाजवळ जें मन होतें, तें माझ्याजवळ नव्हतें.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. या महोत्सवाच्या वर्षांत प्रत्येक घरानें कागदांची जुनी पेटी उघडावी. आजोबांचें नांव असेल तेथें सर्व वारसांचीं नांवें लावून घ्यावीं, बहिणींचीं धरून. आणि ज्या भावाशीं घरावरून बोलणें तुटलें आहे, त्याच्याकडे नाताळापूर्वीं जाऊन यावें.  देव आपल्या घरांवर कृपा करो.