विद्या आणि शील

कसबा बावड्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यांत १८७४ सालीं जन्मलेल्या शाहू छत्रपतींपुढें एक बिकट प्रश्न होता. मुसलमान मुलास नवी विद्या द्यावी, तर धर्मसंस्कार सुटण्याची धास्ती. केवळ धर्मपाठ द्यावा, तर उपजीविकेचीं दारें बंद. १९०६ सालीं कोल्हापुरांत मुसलमान विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह निघालें. संस्थेचें अध्यक्षपद महाराजांनीं स्वतः स्वीकारलें. वसतिगृहांत स्वधर्माचे संस्कार, शाळेंत सर्वांसमवेत विद्या, अशी ही योजना. कुराणाच्या मराठी भाषांतरासही त्यांनीं द्रव्यसाहाय्य केलें. अर्थ न कळतां केलेलें पाठांतर जिभेवर राहतें. तें शील घडवीत नाहीं. निराळीं वसतिगृहें भेद वाढवितात, हा आक्षेप हलका नव्हे. पण खेड्यांतील ज्या मुलास शहरांत छप्परच नाहीं, त्याला शाळेंतील समतेचा धडा मिळावा कोठून?