मेजावरचे सोबती

सन १८४६ च्या उन्हाळ्यांत इंग्लंडचे विख्यात कादंबरीकार चार्लस डिकन्स हे स्वित्झर्लंडांतील लोझान येथें सहकुटुंब राहावयास गेले. घर प्रशस्त होतें, समोर सरोवर होतें, नव्या कादंबरीचा विषयहि मनांत घोळत होता. तरी कादंबरीस हात लागला नव्हता. इंग्लंडहून यावयाची एक पेटी अद्याप पोंचली नव्हती. त्या पेटींत त्यांची नेहमींची निळी शाई होती, टांक-कागद होते, आणि त्यांच्या मेजावर सदैव असणाऱ्या कांहीं लहानशा, चमत्कारिक अशा कांस्यमूर्ति होत्या. पेटी आली, मूर्ति मेजावर विराजमान झाल्या, आणि ‘डॉम्बी अँड सन’ ही कादंबरी सुरू झाली. डिकन्स यांचे मित्र व चरित्रकार जॉन फॉर्स्टर यांनीं ही हकीकत नमूद करून ठेविली आहे.

या मूर्ति होत्या तरी कोणाच्या? एखाद्या महाकवीची वा विद्यादेवतेची मूर्ति श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें येईल. परंतु तसें कांहीं नव्हतें. दोन गलेलठ्ठ बेडूक हातांत तरवारी घेऊन द्वंद्वयुद्ध खेळत आहेत, ही त्यांतली एक. अंगाखांद्यावर कुत्र्याचीं पिल्लें घेतलेला विक्रेता, ही दुसरी. उत्तरायुष्यांत त्यांच्या मेजावर एक लहानसा पेला असे व त्यांत रोज ताजीं फुलें ठेवीत. परक्या माणसास हा पोरखेळ वाटावा. पण शेकडों हंसरीं-रडवीं पात्रें निर्माण करणाऱ्या त्या लेखकास बेडकांच्या त्या युद्धांतून काय मिळत होतें, हें दुसऱ्या कोणीं कसें ठरवावें?

जर्मन कवि शिलर यांची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. एकदां महाकवि ग्योटे त्यांच्या घरीं गेले. यजमान बाहेर गेले होते, म्हणून ग्योटे त्यांच्या मेजाशीं बसले, आणि थोड्याच वेळांत त्यांस घेरी येऊं लागली. मेजाच्या खणांतून दुर्गंधि येत होती. उघडून पाहतात तों आंत नासकीं सफरचंदें! शिलर यांच्या पत्नीनें खुलासा केला कीं, त्या वासावांचून त्यांस काम सुचत नाहीं. याचें अनुकरण कोणीं करावें असें सुचविण्याचा हेतु अर्थातच नाहीं.

या विषयाचें सर्वांत बोलकें उदाहरण मात्र मानसशास्त्रज्ञ सिग्मुंड फ्रॉइड यांचें आहे. व्हिएन्ना शहरांतील त्यांच्या खोल्यांत ग्रीस, रोम, ईजिप्त, चीन अशा प्राचीन संस्कृतींच्या दोन हजारांहून अधिक वस्तु जमल्या होत्या. त्यांतील निवडक लहान मूर्तींची एक रांगच त्यांच्या मेजावर असे. या मूर्ति येणाऱ्या-जाणाऱ्यास शोभा दिसावी म्हणून बाहेरच्या बाजूस तोंड करून ठेविलेल्या नसत. लिहिणाऱ्याकडे पाहत त्या उभ्या असत. मनाच्या तळाशीं गाडलेल्या आठवणी उकरून काढणें हा त्यांचा व्यवसाय, आणि समोर उभी ती जमिनींतून उकरून काढलेली दुनिया!

या मंडळींत एक पाहुणा आपल्या देशाचाहि होता. कलकत्त्यास डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनीं १९२२ सालीं भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापिली. त्या संस्थेनें १९३१ सालीं फ्रॉइड यांच्या पंचाहत्तरीनिमित्त विष्णूची हस्तिदंती मूर्ति त्यांस भेट पाठविली. ती त्यांनीं मेजावर मानाच्या जागीं बसविली. पुढें व्हिएन्नाच्या हवेनें मूर्तीस तडे गेले, तेव्हां कलकत्त्याच्या देवाला इकडचें हवामान मानवत नाहीं कीं काय, असा विनोद त्यांनीं केला.

मार्च १९३८ मध्यें हिटलरच्या सैन्यानें ऑस्ट्रिया घेतला. फ्रॉइड ज्यू, वय ८१ वर्षांचें, जबड्याच्या कर्करोगाशीं पंधरा वर्षांची झुंज चाललेली. देश सोडणें प्राप्त झालें. परंतु घरांतील संग्रह बाहेर नेऊं देतील कीं नाहीं याची शाश्वति नव्हती. सगळेंच हातचें गेलें तर निदान एक तरी वस्तु राहावी, म्हणून अथेना देवीची एक लहानशी मूर्ति त्यांच्या शिष्या मारी बोनापार्ट यांनीं गुपचूप देशाबाहेर नेली. जूनमध्यें फ्रॉइड निघाले. सुदैवानें संग्रहास परवानगी मिळाली व तो मागाहून लंडनला पोंचला. घरकाम पाहणाऱ्या पाउला फिख्टल या बाईनें मेजावरची प्रत्येक मूर्ति आठवणीनें पूर्वींच्याच क्रमानें मांडून दिली. त्या रांगेपुढें बसून त्या वृद्धानें रुग्ण तपासले आणि मोझेसवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. सप्टेंबर १९३९ मध्यें याच अभ्यासिकेंत त्यांचा अंत झाला.

मग हें बळ वस्तूंत असतें काय? बेडूक, सफरचंद आणि विष्णु यांत साधारण गुण शोधूं गेल्यास हातीं कांहींच लागत नाहीं. इंग्लंडांतील एक्सेटर विद्यापीठाच्या क्रेग नाइट व अलेक्झांडर हॅस्लम या संशोधकांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेले प्रयोग येथें उद्बोधक ठरतात. त्यांनीं माणसांना चार प्रकारच्या खोल्यांत कामास बसविलें. पहिली खोली उघडीबोडकी होती. दुसरींत रोपें व चित्रें होतीं, पण तीं दुसऱ्यानें मांडलेलीं. तिसरींत तींच रोपें, तींच चित्रें, परंतु तीं हवीं तशीं मांडण्याची मोकळीक काम करणाऱ्यास दिलेली. उघड्या खोलीपेक्षां सजविलेल्या खोलींत काम अधिक झालें, आणि आपल्या हातानें मांडलेल्या खोलींत सर्वांत अधिक. चौथ्या खोलीची गंमत निराळी. तेथें माणसास आपल्या मनाजोगती मांडणी करूं दिली, आणि मग प्रयोगकर्त्यानें त्याच्यादेखत ती बदलून टाकली. काम पुन्हां उघड्याबोडक्या खोलीइतकें खालीं आलें! चित्रें-रोपें तर खोलींतच होतीं. मांडणाऱ्याचा अधिकार तेवढा गेला होता.

हें ध्यानीं घेतलें म्हणजे सेवाग्रामची बापूकुटीहि निराळ्या दृष्टीनें पाहतां येते. गांधीजींच्या बसण्याच्या जागीं चटई, बुटकें मेज, थोडीं पुस्तकें, तीन माकडांचें तें प्रसिद्ध खेळणें, असा सारा संसार. अमेरिकन पत्रकार लुई फिशर १९४२ सालीं तेथें राहिले, तेव्हां मातीच्या भिंतीवर त्यांना एकच चित्र आढळलें, आणि तें येशु ख्रिस्ताचें होतें. त्या खोलींत आणखी कांहीं असावें असें आलेल्या कित्येकांस वाटलें असेल. पण तेथें काय असावें हें तेथें काम करणाऱ्यानें ठरविलें होतें.

आतां आपल्या घरांकडे वळावें. सुशिक्षित कुटुंबांत मुलास अभ्यासाचें मेज हौसेनें घेऊन देतात. मग वडील त्यावर पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण झालेल्या कोणा विद्यार्थ्याचें छायाचित्र लावतात, आई वेळापत्रक डकविते, काका ‘परिश्रम’ या शब्दाची मोठ्या अक्षरांतली पाटी आणतात. मुलानें आणलेला समुद्रकांठचा शंख मात्र कचरा म्हणून केरांत जातो. ही चौथी खोली झाली. मुलगा त्या पाटीकडे आठ दिवस पाहतो. नवव्या दिवसापासून ती भिंतीच्या रंगांत मिसळून जाते. कचेऱ्यांतहि हल्लीं कोणाचें मेज कोणतें हें ठरलेलें नसावें, सकाळीं येईल त्यानें मिळेल तेथें बसावें, अशी पद्धत कांहीं ठिकाणीं निघाली आहे. जागेचें भाडें वांचत असेल. परंतु मुलाबाळांचें एक चित्र किंवा गांवच्या नदींतला एक गोटा समोर ठेवण्याची सोयहि त्याबरोबर जाते, हें त्या हिशेबांत धरलेलें दिसत नाहीं.

आणि ज्यांस मेजच नाहीं त्यांचें काय? फ्रॉइड यांच्या रांगेतली प्रत्येक मूर्ति कोठें होती हें पाउलाबाईंना पाठ होतें, कारण रोज त्यांवरची धूळ पुसणारे हात त्यांचे होते. आपल्याकडे मुलाचें मेज, यजमानांचें मेज पुसून नीट लावणारी गृहिणी घरखर्चाची वही मात्र मांडीवर घेऊन लिहिते, आणि शिवणयंत्र दुसऱ्यास जागा लागली कीं कोपऱ्यांत सरकवितें तिलाच लागतें. खिडकीजवळची एक फळी, तिच्यावर तिची वही, तिच्या माहेरची एखादी डबी, आणि तिच्या परवानगीवांचून त्या फळीवर किल्ल्या, औषधाची बाटली वा वर्तमानपत्र कोणीं ठेवावयाचें नाहीं, एवढी व्यवस्था दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतहि येत्या रविवारीं करतां येईल.